पुढचा धाकट्याला, मागचा थोरल्याला

वाटण्या सगळीकडेच होतात. घर वाटतात, जमीन वाटतात, भांडीकुंडी वाटतात. पण पान्यांचा अख्खा संच मध्ये मांडून "दहाचा मला, अकराचा तुला, बाराचा मला, तेराचा तुला" असं करत बसलेले भाऊ मी तरी हे दोनच ऐकले. सम आकड्यांचे पाने थोरल्याने नेले, विषम धाकट्याकडे राहिले. जॅक एकाला मिळाला आणि त्याचा दांडा दुसऱ्याला. कुणाच्या वाट्याला गुंजभरसुद्धा जास्त जायला नको, एवढीच दोघांना काळजी. त्यापायी दोघांचीही कामं अडली ती अडलीच. आणि त्याच झटक्यात त्यांनी जोडीचे दोन ॲक्सल वाटून घेतले. पुढचा धाकट्याला, मागचा थोरल्याला.

ते ॲक्सल आले कुठून तेही सांगितलं पाहिजे. दोघांच्या वडिलांची एक जुनाट फोर-व्हील गाडी होती. चारही चाकांनी ओढणारी, कापडी टपाची, दारं नसलेली. सगळे तिला म्हातारी म्हणत. इंजिन अजून ठणठणीत, पण ॲक्सल नाजूक. चाकं ज्याच्या दोन टोकांना फिरतात तो आडवा लोखंडी दांडा, आणि त्याच्या पोटातले दाते, हे सगळंच मुळात हलकं. चढावर जोर दिला की आतली सळई कट्‌कन मोडायची. म्हणून वडिलांनी खाणीवरची एक दांडगी गाडी भंगारातून उचलून आणली. तिचे दोन्ही ॲक्सल काढून म्हातारीला बसवायचे, असा बेत होता. ॲक्सल काढून झाले, धुऊनपुसून भिंतीशी लावून झाले, आणि वडील गेले.

पुढच्या वर्षभरात भावांचं बिनसलं. कारण ऐकाल तर कपाळावर हात माराल. गॅरेजात दोघांनी मिळून दुरुस्त केलेल्या एका गिऱ्हाइकाच्या गाडीचं चाक भर रस्त्यात निघालं. चाकाच्या मोठ्या नटमध्ये एक बारीक पिन घालून तिची टोकं वाकवायची असतात, म्हणजे नट फिरत नाही. ती पिन कुणी घातलीच नव्हती. नशिबाने कुणाला लागलं नाही, गाडी चरात जाऊन बसली. पण "पिन तू घालणार होतास" आणि "मी नाही, तू" यावरून दोघं हमरीतुमरीवर आले. खरं तर दोघंही मनातून खजील झाले होते. ते कबूल करायला एक मिनिट लागलं असतं. त्याऐवजी अकरा वर्षं गेली.

चिठ्ठ्या टाकून गॅरेज आणि म्हातारी धाकट्याला मिळाली. थोरला गावाच्या दुसऱ्या टोकाला गेला आणि पाण्याचे पंप दुरुस्त करू लागला. तीन वर्षांपूर्वी वहिनी वारली तेव्हा धाकटा स्मशानात गेला होता, पण गर्दीत मागेच उभा राहिला आणि कुणी ओळखायच्या आत परत आला. त्याची त्याला आजही लाज वाटते.

एक गोष्ट मात्र त्याला कधी सोडता आली नाही. गाडीखाली उताणा पडून काम करताना तो हात बाहेर काढायचा, तळवा वर करून. चौदाव्या वर्षापासूनची सवय. हात बाहेर गेला की दादा त्यात हवा तो पाना ठेवणार. आता पाना कोण ठेवणार? हात तसाच हवेत राहायचा, मग त्याच्या लक्षात यायचं, आणि तो सरपटत बाहेर येऊन स्वतःच पाना घ्यायचा. अकरा वर्षं हे चाललं होतं. त्याच्या बायकोने ते कितीदा पाहिलं होतं आणि दर वेळी दुसरीकडे बघितलं होतं.

या वर्षी त्याच्या डोक्यात काय आलं कोण जाणे, त्याने म्हातारीचं काम काढलं.

"अहो, पण ॲक्सल तर आपल्याकडे एकच आहे ना?" बायको म्हणाली.

"पुढचा बसवतो. मागे जुनाच राहू दे. चालून जाईल."

चालून जाणार नव्हतं. खाणीच्या गाडीच्या ॲक्सलमध्ये मोठ्या चक्राला एक्केचाळीस दाते आणि लहानाला नऊ. म्हातारीच्या जुन्या ॲक्सलला त्रेचाळीस आणि आठ. म्हणजे इंजिनाच्या त्याच फेऱ्यांत पुढची चाकं पळू बघणार आणि मागची रेंगाळणार. चारही चाकांना एकदम ओढ दिली की दोन जोड्या एकमेकींशी भांडत बसणार. या धंद्यातल्या कच्च्या माणसालाही हे कळतं, आणि धाकटा काही कच्चा नव्हता. तरी त्याने सव्वा महिना घातला. स्प्रिंगच्या पाट्यांच्या बैठका कापल्या, नव्या जोडल्या, इंजिनाची ओढ ॲक्सलला पोचवणारा शाफ्ट आखूड केला, ब्रेकच्या नळ्या वाकवल्या. आपण हे कशासाठी करतोय, हा प्रश्न त्याने स्वतःला एकदाही विचारला नाही. उत्तर माहीत असलं की माणूस प्रश्नाला बरोबर बगल देतो.

मग एका सकाळी त्याने गाडी सुरू केली आणि फोर-व्हीलचा दांडा ओढला. म्हातारी चार हात सरकली, थरथरली, कण्हली आणि रुतल्यासारखी थांबली.

बायको दारात उभी होती. "काय झालं?"

"अडकतंय."

"मग आता?"

"मागचा ॲक्सल लागेल."

"तो कुणाकडे आहे?" तिने विचारलं, आणि चेहरा इतका भोळा ठेवला की धाकट्याला हसावं की चिडावं कळेना. "सव्वा महिना घालवलात. त्यापेक्षा एक फोन केला असता तर?"

"फोनवर काय बोलू? कसा आहेस विचारू? ॲक्सलबद्दल निदान बोलता तरी येतं."

तिने त्याचा धुतलेला शर्ट आणून दिला.

थोरल्याचं दुकान म्हणजे एक लांबट खोली. दोन्ही भिंतींना पंप, जमिनीवर ओल, वर एकच दिवा. थोरला एका पंपाच्या पोटात हात घालून बसला होता. केस पार पांढरे झालेले. त्याने वर बघितलं, पुन्हा खाली बघितलं.

"ये," तो म्हणाला. जसे काही सकाळीच चहाला भेटले होते.

धाकट्याने वाटेत बरंच काही पाठ केलं होतं. त्यातलं एक अक्षर आठवेना. "दादा, मागचा ॲक्सल हवाय," एवढंच बाहेर पडलं.

"त्याच्यावर बसलोय."

आणि खरंच तो त्याच्यावर बसला होता. दोन लोखंडी घोड्यांवर ॲक्सल आडवा टाकलेला, त्यावर फळी, फळीवर दुमडलेलं पोतं.

"पुढचा बसवलास?" थोरल्याने विचारलं.

"बसवला."

"आणि मागे जुना ठेवून फोर-व्हील टाकून बघितलीस."

"हो."

"गाढवा, एक्केचाळीस-नऊ आणि त्रेचाळीस-आठ. दोन्हीकडचे दाते जुळावे लागतात, हे मिसरूड फुटायच्या आधी शिकवलं होतं तुला."

"माहीत आहे मला."

"माहीत आहे तर मग कशाला..." थोरला अर्ध्यावरच थांबला. त्याने पंपातून हात काढला आणि फडक्याने पुसायला घेतला. हात पुसून झाला तरी तो पुसतच राहिला.

धाकटा वाकला. बोटांनीच ॲक्सलचं तेलाचं बूच सैल करून त्याने आत करंगळी घातली. अकरा वर्षांचं तेल डांबरासारखं झालेलं असणार, ही त्याची खात्री. करंगळी बाहेर आली ती सोनेरी, स्वच्छ तेलाने माखून. चाक जिथे बसतं ते टोक त्याने हाताने फिरवलं. आवाज न करता ते फिरलं. ज्या ॲक्सलला कुठेच जायचं नव्हतं त्याचं तेल दादा बदलत आला होता. त्याने बूच लावून टाकलं.

"हा नेलास तर मी बसू कशावर?" थोरला म्हणाला.

"स्टूल आणून देतो."

"स्टुलाचं राहू दे. ॲक्सल एकटा नाही येणार. मी बसवीन. तुझं वेल्डिंग मला माहीत आहे, कोंबडीने उकरल्यासारखं."

दुसऱ्या दिवशी नऊच्या ठोक्याला थोरला पेटी घेऊन हजर. धाकट्याच्या बायकोला म्हणाला, "कशी आहेस?" ती म्हणाली, "वाळलात दादा." तेवढ्यावर दोघांचं समाधान झालं, आणि ती चहा ठेवायला आत गेली.

भावांचं तसं नव्हतं. पहिले तीन दिवस ते फक्त आकड्यांत बोलले.

"चौदा."

"सतरा दे."

"एकोणीस. नाही, अठरा."

एकाचे सम, दुसऱ्याचे विषम. कुठलाही नट घ्या, अकरा वर्षांनी पहिल्यांदा हवा तो पाना जागेवर सापडत होता. "पाढे म्हणताय का दोघं?" आतून बायको ओरडली. थोरल्याच्या मिशीखाली काहीतरी हललं.

चौथ्या दिवशी धाकटा गाडीखाली होता. नव्या बैठकीवर पाटे बसवून तो बोल्ट आवळत होता. त्याने न बघता हात बाहेर काढला, आणि तोंड उघडायच्या आत हातात पाना आला. चौदाचा. चौदाचाच हवा होता. गाडीखाली रडण्याची एक सोय असते, कुणाला दिसत नाही. धाकटा पोटभर रडला, मग बोल्ट आवळला.

मागची चाकं चढवायची वेळ आली तेव्हा थोरल्याने नट घट्ट केला, पिन घातली, पकडीने तिची टोकं वाकवली आणि बाजूला सरकला.

"बघ. घातली."

"बघितली," धाकटा म्हणाला.

मग दुसऱ्या बाजूची पिन धाकट्याने घातली आणि थोरल्याने वाकून बघितली. 

काम सरत आलं तसा धाकट्याचा जीव खालीवर व्हायला लागला. आठ दिवसांत होणारं काम बारा दिवसांवर गेलं होतं. त्यात त्याचा हात होता आणि दादाचाही असावा, अशी त्याला शंका होती. अर्ध्या अंशाचा फरक आहे म्हणून दादाने चांगली जोडलेली बैठक कापली आणि पुन्हा जोडली. शाफ्टची लांबी पाच वेळा मोजून झाली. दाते तर दोघांनी मिळून तीनदा मोजले, दोन्ही ॲक्सलचे. एक्केचाळीस-नऊ, एक्केचाळीस-नऊ. "पुढचे ब्रेकही खोलून बघू या?" धाकट्याने विचारलं. "बघू या," थोरला म्हणाला. ब्रेक उत्तम होते. ते लावून झाले. मग खालून रंग लावून झाला, जिथे आयुष्यात कुणी बघणार नव्हतं तिथेही.

शेवटी करायला काही उरलं नाही. थोरल्याने आपले पाने एकेक करून पुसले आणि पेटीत ठेवले.

"उद्या खडीच्या मैदानात फिरवून बघू," तो म्हणाला. "ठीक निघाली की मी मोकळा. तिकडे पंपांची कामं तुंबलीत."

ठीक निघाली की हा जाणार. पुन्हा त्या ओल्या खोलीत, एका दिव्याखाली. आपण बोलावू, तो येतो म्हणेल. मग एक आठवडा जाईल, मग महिना. काम नसताना एकमेकांकडे जायची या घरातल्या पुरुषांना सवयच नव्हती. वडिलांनाही नव्हती. धाकट्याला रात्रभर हेच खुपत राहिलं.

सकाळी म्हातारी मैदानात आली. थोरला मध्यभागी कमरेवर हात ठेवून उभा राहिला. धाकट्याने फोर-व्हीलचा दांडा ओढला, गिअर टाकला आणि क्लच सोडला.

गाडी अशी निघाली की त्याचा स्वतःवर विश्वास बसेना. धक्का नाही, कण्हणं नाही. चारही चाकं एका दमात, एका चालीत. टोकाचा उतार ती उतरली आणि चढ हसत चढली. वडिलांनी हे बघायला हवं होतं. अख्ख्या जन्मात याहून सरस काम त्याच्या हातून झालं नव्हतं, आणि त्याला ढसाढसा रडावंसं वाटत होतं.

फेरी मारून तो दादापाशी आला. इंजिन चालूच ठेवलं.

"काय?" थोरल्याने विचारलं. "अडकतंय का?"

धाकट्याने स्टिअरिंगकडे बघितलं.

"थोडं," तो म्हणाला. "थोडं अडकतंय."

चारही चाकं डोळ्यांदेखत फिरताना बघितलेल्या, दाते तीनदा मोजलेल्या माणसाला तो हे सांगत होता. चार पावलं मागे जाऊन थोरल्याने खडीवर उमटलेल्या चाकोऱ्या बघितल्या. कुठे घसट नव्हती, उडी नव्हती, आखल्यासारख्या सरळ होत्या. तो बराच वेळ बघत राहिला.

"उतर," तो म्हणाला.

धाकटा उतरला. थोरला चढून बसला आणि गाडी घेऊन गेला. एक फेरी, दुसरी फेरी. तिसऱ्या फेरीला त्याने उतारावर मुद्दाम थांबून पुन्हा उचलली. म्हातारी लोण्यासारखी चालत होती. मैदानाच्या कडेने जाणारे दोघं जण थांबून बघायला लागले. धाकटा मध्यभागी उभा राहून खोटं पकडलं गेलेल्या पोराप्रमाणे बोटं मोडत होता.

गाडी समोर येऊन थांबली. थोरल्याने इंजिन बंद केलं. दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोर.

"अडकतंय," तो म्हणाला.

"हो ना?"

"चांगलंच अडकतंय. सगळं पुन्हा खोलायला लागेल."

"किती दिवस जातील?" धाकट्याने विचारलं.

"सांगता येत नाही बारक्या. घाई करून चालायचं नाही." थोरल्याने बाजूच्या सीटवरची धूळ हाताने झाडली. "बस. आणखी एकदा बघू."