लाल आलं की फवारायचं

आमच्या ॲपमधला लाल रंग सिंधुबाईंनी ठरवला होता. हे आधीच सांगते, कारण नंतर ऑफिसात सगळ्यांनाच त्याचा सोयीस्कर विसर पडला.

चार वर्षांपूर्वी नीळकंठ सरांनी बारामतीजवळ जळोचीत टायरच्या दुकानावर दोन खोल्या घेऊन कंपनी काढली. कोणत्या पिकावर कधी फवारायचं ते सांगणारं ॲप. ते दाखवत मी गावोगाव हिंडत होते. सणसरला महिपती तात्यांचं ढोबळी मिरचीचं शेडनेट आहे, चारी बाजूंनी जाळीनं बंद केलेलं शेत. तात्यांनी नुसती मान डोलावली. त्यांच्या बायकोनं, सिंधुबाईंनी मात्र फोन हातातनं काढूनच घेतला.

"पद्मा, ही येवढी अक्षरं कोन वाचत बसंल? चष्मा घरी ऱ्हातो. फवारायचं आसंल तवा लाल कर, न्हाय तर हिरवं. लाल दिसलं की मी पंप उचलनार."

तसंच केलं. पुढं बाराशे घरांत तेच चाललं. अक्षरं होतीच, पण ती आमच्या समाधानापुरती.

या वर्षी पुण्याहून इरा आली. पोरगी हुशार. ॲपमधले रंग, बटणं, चिन्हं सगळी एका शिस्तीत बसवायला सरांनी तिला घेतलं होतं. पहिल्याच आठवड्यात तिनं कपाळाला हात लावला. "लाल म्हणजे थांबा. सगळीकडे. तुमच्याकडेच उलटं का?" तिचं चुकत नव्हतं. ठरलं असं, की नव्या आवृत्तीत लाल म्हणजे 'नुकतीच फवारणी झाली आहे, आत जाऊ नका', आणि फवारायचं असेल तेव्हा निळा. मी म्हटलं, आधी लाल महिनाभर पूर्ण बंद ठेवू, लोकांना त्याचा विसर पडू दे, मग त्याला नवा अर्थ देऊ. तोवर वीस घरांत देऊन बघू. पण सरांना दसऱ्याच्या आत नवी आवृत्ती हवी होती, शुभ म्हणून. आवृत्त्या बाहेर सोडायचं काम माझं. अष्टमीला संध्याकाळी मी ती सोडली. कुरकुर केली आणि सोडली. माझ्या कुरकुरीला विचारतं कोण.

खंडेनवमीला आमच्याकडे लॅपटॉपची पूजा असते. शेतकरी कोयते-खुरपी मांडतो, आम्ही लॅपटॉप मांडतो. हळदकुंकू, झेंडू, आणि दसरा उजाडेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. मी दरवर्षी सरांची थट्टा करते, की कुंकू आत गेल्यावर दुरुस्तीला देव येणार का. पण पूजेचं ताट दरवर्षी मीच सजवते.

त्या दिवशी दहाच्या सुमाराला आरती संपली आणि गोकुळचा फोन आला. तो आमच्यासाठी गावं फिरतो.

"ताई, घोळ झालाय. हितं निमगावात दोघीजणींनी इचारलं, लाल आलंय, फवारू का म्हून. कालच फवारलंय त्यांच्यात. बाया रंग बघून चालत्यात, वाचत न्हाईत. मागचंच परत करा."

जुने रंग परत आणायला दहा मिनिटं पुरली असती. रंग आमच्याकडून थेट लोकांच्या फोनवर जातात. पण ते बदलायची सोय फक्त माझ्या लॅपटॉपवर होती, आणि तो पूजेत होता. मी सरांकडे बघितलं.

"उद्या सकाळी पहिलं काम तेच," ते म्हणाले. "आज नको, पद्मा. एका दिवसानं काय होतंय?"

त्यांनी माझा हात धरला नव्हता. मी झेंडू बाजूला करून लॅपटॉप उघडला असता, तर त्यांनी फार तर तोंड वाकडं केलं असतं. पण प्रसादाचे द्रोण घेऊन सगळे माझ्याकडे बघत होते आणि मला सणाच्या दिवशी वाईटपणा घ्यायचा नव्हता. मी गोकुळला म्हटलं, शेतकऱ्यांच्या ग्रुपवर मेसेज टाक. सिंधुबाई मेसेज वाचत नाहीत हे मला ठाऊक होतं. त्यांना फोन करावा असं मनात आलंही. जेवण झाल्यावर करू म्हटलं.

चार वाजता गोकुळचा दुसरा फोन आला. अष्टमीला सिंधुबाई बहिणीकडे मुक्कामाला होत्या. त्यांच्या माघारी तात्यांनी मिरची फवारली, फोनमध्ये नोंद केली, आणि नवमीला सकाळी घरची पूजा आटोपून झेंडू घेऊन इंदापूरच्या बाजाराला गेले. बाई घरी परतल्या तर त्या नोंदीमुळं त्यांच्याही फोनवर लाल. भर उन्हात, बंद शेडनेटमध्ये, आदल्या दिवशीच्या औषधावर त्या तेच औषध पुन्हा फवारत राहिल्या. शेजारच्या छबूबाईंना त्या सरीत पडलेल्या दिसल्या.

तेव्हा मी लॅपटॉप उचलला. सात मिनिटं लागली. बदलाचं कारण लिहायची चौकट असते, तिथं मी 'रंग पूर्ववत' एवढंच लिहिलं.

बारामतीच्या दवाखान्यात तिसऱ्या दिवशी सिंधुबाई गेल्या.

दहाव्यानंतर मी सणसरला निघाले. सर म्हणाले, भेटून ये, पण उगाच काही कबूल करू नको. मला त्यांचा राग आला. मी सगळं कबूल करायलाच चालले होते.

तात्या ओट्यावर बसले होते. त्यांनी हातानं शेजारची जागा दाखवली. मग म्हणाले, "पंप मी सोता धुवून देवापुढं ठिवला व्हता. हळदकुकू लावून. म्हनलं, आता दसऱ्याबिगर ह्याला कोन हात लावतंय. म्हून तर निर्धास्त गेलो."

मी खाली बघत होते.

"ती लई पाळायची गं नवमी. पन लाल आलं. छबूबाई तिला म्हनली, आज नगं उचलू. तर म्हनली, पद्मा उगं लाल करनार न्हाय, तसंच काय तरी निकडीचं आसंल. देवाची माफी मागितली आन् उचलला."

मला रडू फुटलं. तात्यांनीच पाण्याचा तांब्या पुढं केला. माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"तुझा काय दोष, पोरी. तुला तरी कुठं म्हाईत व्हतं," ते म्हणाले. "तुला कवा कळलं?"

"चार वाजता," मी म्हटलं.