पडद्यामागचं विमान

सूर्यभानने बांबू आपटला आणि पडद्याकडे बोट केलं.

"लागलं हुतं. समद्यांनी बघितलं. घंटी का वाजली न्हाई?"

मिरजगावच्या जत्रेत चांदभाईचा तंबू भर दुपारीही अंधारा असे. पांढऱ्या पडद्यामागे दिवा, दिव्यापुढे दोरीवर फिरणारं पत्र्याचं विमान. गिऱ्हाईक पडद्याच्या अलीकडे बसून, पडद्याखालून आत गेलेल्या बांबूच्या टोकावर आपलं विमान नाचवायचं. पत्र्याला पत्रा भिडला की बॅटरीच्या तारा जुळून घंटी वाजे आणि स्टीलचा पेला मिळे. एकाहत्तरच्या डिसेंबरातली पाकिस्तानशी झालेली लढाई लोकांच्या डोक्यातून अजून उतरली नव्हती, त्यामुळे शत्रूचं विमान पाडायला रांग लागे. अडचण एवढीच की पडद्यावर सावल्या एकमेकींत घुसत, तेव्हा मागे विमानं हातभर अंतराने निघून गेलेली असत.

दोन दिवसांत एकच पेला गेला आणि गावाच्या मनात पाल चुकचुकली. गावाने संशय घ्यायचा ठरवला की मग तो कसर ठेवून घेत नाही. कुणी म्हणालं, तार कापलेली आहे. कुणी म्हणालं, त्याची बायको मुमताज मागे दोरी ओढत बसते, ती काय उगीच?

शेवटी जत्रा कमिटीचे आप्पासाहेब आले. चांदभाईने त्यांना पडद्यामागे नेलं आणि विमानांमधलं मोकळं अंतर दाखवलं. पत्रा पडद्याजवळ असला की सावलीची कड रेखीव, दिव्याकडे गेला की पुसट. दोन्ही सावल्या सारख्याच रेखीव दिसतील तेव्हाच टक्कर होते, हे त्याने पुन्हा पुन्हा सांगितलं. भिंगारची नोकरी सोडून त्याने हे यंत्र जोडलं होतं. त्याचा त्याला अभिमान होता आणि तंबू उठला तर दुसरं काही हाताशी नव्हतं.

आप्पासाहेबांना पटलं.

"पर भाईर जाऊन सांगू काय? त्यास्नी सावल्याच दिसत्यात."

उद्याही असंच झालं तर तंबू उचलायचा, असं बजावून ते गेले.

त्या रात्री चांदभाई जेवला नाही. मुमताजने तारांची टोकं विमानांपासून सोडवली आणि आपल्या हातात धरली.

"तुम चुप बैठो. घंटी मैं बजाती."

ही लबाडी झाली, असं तो म्हणाला. लबाड तर आपण आजच ठरलोय, असं ती म्हणाली. त्याने उरलेले पेले गोणीत भरले.

दुसऱ्या दिवशी सावलीला सावली नुसती चाटून गेली तरी घंटी वाजू लागली. बक्षीस पेल्यावरून बत्ताशांवर आलं. त्याबद्दल कुणी कुरकुरलं नाही. मशिन दुरुस्त झाल्याचं सूर्यभानने जत्राभर सांगितलं आणि मालक असल्यासारखा तंबूतच ठाण मांडून बसला.

उन्हं कलल्यावर भीमाबाई नावाची एक शेतकरीण बांबू घेऊन बसली. तिने घाई केली नाही. आधी ती सावल्या निरखत राहिली. मग बांबू बेताबेताने स्वतःकडे ओढला, तशी तिच्या विमानाची पुसट कड आवळत गेली आणि शत्रूच्या विमानाइतकीच रेखीव झाली. चांदभाई पडद्याजवळ सरकला. तिने बांबू झटकन बाजूला वळवला आणि पत्र्यावर पत्रा आपटला.

नेमकी तेव्हा मुमताज हातातल्या तारा ठेवून दोरीचा गुंता सोडवायला वाकली होती. बाहेर जत्रेतल्या भोंग्याच्या गोंगाटात पत्र्याचा आवाज बुडून गेला. पडद्याला खेटून उभ्या असलेल्या चांदभाईला तेवढा तो ऐकू आला.

"लागलं," भीमाबाई म्हणाली. "हाताला झटका बसला माज्या."

सूर्यभान हसला.

"लागलं असतं तर वाजली असती, मावशे. मशिन खोटं बोलत न्हाई."

लोकांनी माना डोलावल्या. भीमाबाईने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती चांदभाईकडे बघत होती.

"भाऊ, तुमी सांगा."

असं एखादं गिऱ्हाईक बसावं म्हणूनच तर त्याने हे यंत्र जोडलं होतं. त्याने एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा दाराशी खोळंबलेल्या रांगेकडे.

"घंटी वाजली न्हाई, बाई," तो म्हणाला आणि तिच्या हातातला बांबू काढून पुढच्या माणसाला दिला.