स्वेटरचं वय

नात कॉलेजात सिनेमा शिकते. तिच्या वर्गातल्या मुलांनी एक छोटा सिनेमा करायला घेतला. त्यात कपडे, वस्तू आणि खोली उभी करण्याचं काम तिच्याकडे आलं. गोष्ट एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्याची, म्हणून नमुना बघायला ती माझ्या खोलीत शिरली. मी एकटा नाही, पण म्हातारा आहे. तेवढं तिला पुरलं.

टेप घेऊन ती खोलीभर वावरली. कपाटाची उंची, पडद्याचा उडालेला रंग, चष्म्याच्या डबीचं तुटकं झाकण, काही म्हणून सुटलं नाही. मग वस्तू मागू लागली. खुर्ची दिली, टेबलावरचा दिवा दिला, पुस्तकांचा एक गठ्ठा जिवावर येऊन दिला. शेवटी तिची नजर माझ्या अंगावर आली.

"आजोबा, हा स्वेटर लागेल. असा बाजारात नाही मिळायचा."

माझ्या बायकोची, हिची, दृष्टी जाऊन बरीच वर्षं झाली. अलीकडे आठवणही जाते आहे. सुनेचा आवाज तिला परका वाटतो, आणि माझाही. पण मी पलंगाशी गेलो की ती माझी बाही धरते. मनगटाजवळची विसविशीत वीण बोटांनी चाचपते, बाही नाकाशी नेते आणि म्हणते, "आलात?" दिवसभरातलं माझ्या वाट्याचं बोलणं तेवढंच. स्वेटर तिनेच विणलेला. तो मी भर उन्हाळ्यातही घालतो, म्हणून सून मला हसते.

आता हे नातीला कोणत्या तोंडाने सांगायचं? तुझी आजी माझ्या बाहीचा वास घेते, असं म्हणायला जीभ रेटेना. "लवकर परत आण," एवढंच पुटपुटलो.

स्वेटर नव्हता तेवढे दिवस ही विचारत राहिली, हे कुठे गेले. मी म्हणायचो, अगं, इथेच तर आहे. त्यावर ती पदर सावरून घ्यायची, परक्या माणसापुढे घ्यावा तसा.

शेवटी न राहवून कॉलेजात गेलो. एका मोठ्या खोलीत फळ्यांच्या तीन भिंती उभ्या होत्या आणि आत माझीच खोली होती. फक्त चौथी भिंत नव्हती, आणि ही नव्हती. दिग्दर्शक मुलाला सगळे 'सरकार' म्हणत. सरकारांना माझी खुर्ची पुरेशी जुनी वाटली नव्हती, म्हणून तिच्यावर रंगाने भेगा काढल्या होत्या. नशीब, माझ्यावर ब्रश फिरवला नाही.

स्वेटर दोरीवर वाळत होता. नातीने कौतुकाने समजावलं. बाहेरून आलेला कपडा आधी कडक साबण घालून गरम पाण्यात धुवायचा, नटाच्या अंगाला लागणार ना. मग त्याला वय द्यायचं. त्यासाठी तो चहाच्या पाण्यात बुडवायचा आणि बाह्या, कोपरे पॉलिशपेपरने घासायचे. म्हणजे त्याचं होतं ते वय धुऊन काढलं होतं आणि वरून नवं लावलं होतं. मास्तरांनी सगळ्यात जास्त शाबासकी स्वेटरलाच दिली म्हणे.

"छान झालाय," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

काम संपल्यावर खुर्ची, दिवा, पुस्तकं परत आली, आणि स्वेटर ती घडी घालून घेऊन आली. मी तो चढवला आणि पलंगाशी गेलो. हिने बाही धरली. मनगटाशी आता भोकं होती. तिने वास घेतला.

"चहा नको मला," ती म्हणाली आणि बाही सोडली.

नात दारात उभी होती. तिला सगळं समजलं असावं, कारण तिचा चेहरा पांढरा पडला. स्वयंपाकघरात येऊन ती एवढंच म्हणाली, "आजोबा, सांगायचं तरी." मी तिला रागावलो नाही. रागावण्यासारखं तिने काय केलं होतं?

मग ती कामाला लागली. आधी कसला वास होता, असं तिने विचारलं. मला सांगता येईना. स्वतःचा वास कोणाला ठाऊक असतो? तिने माझा दाढीचा साबण घेतला, डोक्याचं तेल, गुडघ्याला चोळायचं मलम, जुन्या पुस्तकांवरची धूळ. थोडं थोडं करून तिने ते लोकरीत मुरवलं. मनगटाची वीणही सुईने ओढून जुळवली. सिनेमासाठी केली त्याहून जास्त मेहनत तिने यावर केली.

मी पुन्हा पलंगाशी गेलो. हिने बाही धरली, बराच वेळ चाचपली, नाकाशी नेली. तिचा चेहरा उजळला. नातीने माझा दंड घट्ट धरला.

"यांचे भाऊ का तुम्ही?" हिने विचारलं.

मला भाऊ नाही. नात काही बोलणार होती, तिला मी हाताने थांबवलं.

"हो," मी म्हणालो.

"तरीच. बसा भावजी. हे येतीलच एवढ्यात."

मी भेगा काढलेली खुर्ची ओढून घेतली आणि बसलो. आता रोज बसतो. ती माझ्याशी आदराने बोलते, आणि मधूनच दाराकडे कान देते.