आटवायचा राहिलेला कागद

एमिलनं भाचीला तिचा फोटो छापून द्यायचं कबूल केलं, त्याला चार वर्षं झाली होती. क्रिस्टीन तेव्हा एकोणीस वर्षांची. "मामा, माझा कधी?" असं ती दर नाताळाला विचारायची, आणि हा म्हणायचा, "कागद मनासारखा मिळू दे गं." खरबरीत कागद तिच्या पापण्या गिळायचा, गुळगुळीत कागदावरून रंग निसटायचा. एक चांगला निघाला, तर कारखान्यानं तोच बदलला. नमनालाच घडाभर तेल! शेवटी क्लीव्हलंडच्या एका दुकानात जुन्या मालातले दोन ताव मिळाले. ते आणून त्यानं कपाटात ठेवले, आणि त्याच आठवड्यात क्रिस्टीन गेली. न्हाणीघरात, शेजारी नशेची सुई पडलेली. तिच्या आईलाच सापडली ती. आई म्हणजे एमिलची बहीण व्हर्ना.

"शनिवारी सकाळी पुरायचंय," व्हर्ना फोनवर म्हणाली. "तिचा फोटो तिच्या हातात द्यायचाय मला. आता तरी करशील ना?"

"करतो गं, करतो."

बैल गेला नि झोपा केला, दुसरं काय!

या छपाईत डिंकात कालवलेला रंग थरावर थर चढतो. आधी निळा, मग तांबडा, मग पिवळा. दर थराला ऊन दाखवायचं, पाण्यात धुवायचं, वाळवायचं. धुताना कागद आटला तर पुढचा थर आधीच्या थरावर नेमका बसत नाही, म्हणून कागद आधी कढत पाण्यात बुडवून आटवून घ्यायचा, मग जिलेटिनची खळ लावून ती फॉर्मलिननं पक्की करायची. आटवायला एक दिवस, खळीला एक दिवस. "खळ चुकली तर डाग पडतील, पण आटवायचं विसरलात तर मला तोंड दाखवू नका," असं एमिल शिकणाऱ्यांना चाळीस वर्षं बजावत आला होता. आणि गुरुवारी त्यानंच आटवणं गाळलं. हाताशी दोनच दिवस होते, आणि डोकं ठिकाणावर नव्हतं.

शुक्रवारी दोन्ही तावांवर निळा थर सुरेख उठला. पण पहिल्या तावावर तांबडा चढवायला गेला, तर डोळे जुळवले की हनुवटी सरकायची, हनुवटी जुळवली की डोळे चार व्हायचे. धुताना कागद आटला होता. "गाढवा!" एमिल स्वतःवरच ओरडला आणि त्यानं तो ताव फाडला. दुसरा तसाच निळा राहिला. त्यात पापणीन् पापणी आली होती, हे त्याला नाकारता येईना. नुसता निळा फोटोही लोक हौसेनं लावतात की, अशी त्यानं मनाची समजूत घातली.

शनिवारी शवपेटी उघडी होती. क्रिस्टीनच्या गालांना कोणीतरी गुलाबी रंग लावला होता, हातात जपमाळ होती. व्हर्नानं एमिलनं दिलेल्या पाकिटातून फोटो काढला आणि कितीतरी वेळ बघत राहिली.

"कोणी सांगितलं तुला?"

"काय?"

"मला सापडली तेव्हा ती अशी होती ते. ओठ, पापण्या, सगळं असंच निळं. मी कोणापाशी बोलले नाही रे, एमिल."

एमिलनं फोटोसाठी हात पुढे केला. जन्मभर रंग कालवले, आणि एवढं सुचलं नाही! "दे इकडे," तो कसाबसा म्हणाला. "चुकलं माझं. फाडून टाकतो."

"हात लावू नकोस." व्हर्नाचा आवाज चढला नाही. "हा तिच्याबरोबर नाही जायचा. तिला गुलाबीच जाऊ दे. हा माझ्याकडे राहील. इतके दिवस मी एकटीच बघतेय. आता तूही बघ."

तिनं फोटो त्याच्यासमोर धरला, आणि पेटी बंद करायला माणसं येईपर्यंत खाली घेतला नाही.