भिंतीचा साक्षीदार

मुलीला जुळं झालं त्या वर्षी, उन्हाळ्याच्या तोंडावरच्या एका सकाळी, मिस्त्रींनी परक्या देशातल्या एका बाजारात भिंतीच्या भेगेत पोस्टकार्ड सरकवून पाहिलं. आधी चित्रातली टेकडी आत गेली, मग बंदर, मग बंदरातल्या होड्या. कार्ड निम्म्याच्या पुढे गेलं तेव्हा मागून बायकोचा आवाज आला.

"अहो, ते लेकीला पाठवायचंय. भिंतीला नाही."

मिस्त्रींनी कार्ड बाहेर ओढलं. कडेला ओलसर वाळू लागली होती. ती त्यांनी बोटांत चोळली आणि वास घेतला.

"चाटून पण बघा," ती म्हणाली. "तेवढंच राहिलंय."

"आतून माती सुटतेय."

"दहा दिवस भिंतीला हात लावणार नाही, असं विमानात बसताना कोण म्हणालं होतं?"

"हात कुठं लावला? कार्ड लावलं."

ती हसली, आणि हसता हसता शेजारच्या माशांच्या रिकाम्या खोक्यावर बसली. तिथं मासे विकणाऱ्या कोळणीनं तिच्याकडे पाहून मान हलवली. दोन दिवसांत दोघींची ओळख झाली होती. एकीला दुसरीचा एक शब्द कळत नव्हता, पण गप्पा जोरात चालत.

भिंत तीन पुरुष उंच होती. वर टेकडीवरची आळी, खाली धक्क्यालगतचा बाजार, आणि मधे ही दगडी भिंत टेकडी अडवून उभी. तिच्या पायथ्याशी पाठ टेकून पाच-सहा घरं होती. त्यांतल्या एका घरात त्यांनी खोली घेतली होती. खोलीची मागची बाजू म्हणजे ती भिंतच. पहिल्या सकाळी मिस्त्री उठले तेव्हा उशाच्या कोनाड्यात चिमूटभर वाळू पडलेली होती. त्यांनी ती फुंकून टाकली. दुसऱ्या सकाळी तेवढीच पुन्हा होती.

बाहेरून पाहिलं तर भिंतीला मधोमध पोट आलं होतं. पाणी जायला ठेवलेली भोकं कोरडी होती, म्हणजे आत तुंबलेली. मिस्त्रींचा जन्म असल्या भिंती बांधण्यात आणि पाडण्यात गेला होता. बॅगेत कपड्यांखाली, भिंत सरळ आहे का बघायचा ओळंबा होता. बायकोला तो पहिल्याच दिवशी सापडला होता आणि तिनं तो पुन्हा घडीखाली ठेवला होता.

हा प्रवास तिचा होता. परका समुद्र बघायचा, परक्या बाजारात उगाच हिंडायचं, हे ती लग्न झाल्यापासून म्हणत होती आणि मिस्त्री ते दर वेळी पुढच्या वर्षावर ढकलत होते. या वेळी जुळी तान्ही होती, लेकीला हाताशी कोणी हवं होतं, तरी बायकोच म्हणाली, "पुढच्या वर्षी नको. यंदाच." तिनं असं कधी काही मागितलं नव्हतं. म्हणून ते निघाले.

आणि तिला फिरणं छान जमलं होतं. घरी सगळं धावतपळत करणारी बाई इथं दर दुकानापाशी थांबे. बटणं हातात घेऊन बघे, साबणाचा वास घेई, एक निळा रुमाल रोज उलगडे आणि रोज परत ठेवी. दहा पावलं चालून समुद्राकडे तोंड करून उभी राही. संध्याकाळी चपलेचा पट्टा एक भोक सैल करी. घरमालकिणीकडून तिनं आणखी दोन उशा मागून घेतल्या होत्या, उंच टेकून बसलं की खिडकीतून होड्या दिसतात म्हणून. जेवणानंतर पित्ताची एक पांढरी गोळी घेई.

"बघ, कशी सावकाश चालायला शिकलीस," मिस्त्री म्हणत.

"तुम्हीच शिकवलंत," ती म्हणे.

मंगळवारी दुपारी ती आडवी झालेली असताना मिस्त्रींनी बाजारातल्या लोखंडाच्या दुकानातून पुडीभर प्लास्टर आणलं. साबणाच्या डबीत कालवलं. भेगेवर आडवी, चार बोटं रुंद पट्टी मारली. हे त्यांचं नेहमीचं काम. पट्टी कडक असते, ताणली जात नाही. भिंत केसभर हलली तरी ती तडकते. कामावर ते तिला साक्षीदार म्हणत. उरलेलं प्लास्टर त्यांनी धक्क्याच्या कडेच्या दगडावर निपटून टाकलं, डबी धुतली, आणि ओल्या पट्टीवर खिळ्यानं तारीख काढली. अंक तेवढे त्यांना बायकोनंच शिकवले होते, वयाच्या चाळिशीनंतर, पट्टीवर तारीख घालता यावी म्हणून. अजूनही आठ काढताना ते दोन गोळे एकावर एक ठेवत.

बुधवारी सकाळी पट्टी तडकलेली होती. बारीक, वरपासून खालपर्यंत.

घरमालकीण अंगणात कपडे वाळत घालत होती. तिचा नवरा जहाजावर होता, आणि त्याच्यासोबत आपल्याकडच्या बंदरांतही राहून तिला कामापुरती मराठी येत होती. लहानथोर सगळ्यांना ती तूच म्हणे.

"भिंत पडणार," मिस्त्री म्हणाले. "आज नाही तर उद्या. तुम्ही पण निघा."

"तू भिंतीला घाबरतो?" ती हसली. "ही भिंत माझी आजी लहान, तेव्हा अशी. पोट तेव्हा पण. भिंत पण बाई आहे."

"मी मिस्त्री आहे. मला कळतं."

मग त्यांनी ते सांगितलं, जे ते कुणाला सांगत नसत. एका गोदामाच्या भिंतीवरची पट्टी तडकली होती. मालक म्हणाला, दोन दिवसांनी बघू. मिस्त्री गप्प बसले. भिंत दुसऱ्या दिवशी दुपारी बसली, आणि खाली डबा खायला बसलेला त्यांचा बिगारी तिच्याखाली गेला. "दोन दिवस," ते म्हणाले. "मी फक्त ओरडायला हवं होतं."

घरमालकिणीच्या हातातला कपडा तसाच राहिला. मग तिनं वर बोट केलं. वरच्या आळीत तिच्या बहिणीची खोली रिकामी होती. तिथं खाली सगळा खडक. चौऱ्याण्णव पायऱ्या. ती स्वतः मात्र हलणार नव्हती.

दारात येऊन उभ्या राहिलेल्या मिस्त्रींच्या बायकोनं पायऱ्यांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"इथंच बरं आहे हो," ती म्हणाली. "दारातनं बाहेर पडलं की बाजार."

"त्या बाजारावरच पडणार आहे ती."

"पडली तर पडली. रविवारचा मोठा बाजार तेवढा बघू द्या."

"मी तुला त्या भिंतीखाली निजू देणार नाही. बास."

घरमालकीण तिच्या पावलांकडे बघत होती. "तुझे पाय," ती म्हणाली. "सुजले?"

"चालून चालून. माणूस फिरायला आलं की चालणारच." मग ती नवऱ्याकडे वळली. "चला. तुमचंच खरं."

दोन्ही बॅगा मिस्त्रींनी घेतल्या आणि ते पुढे झाले. पायऱ्यांचे चार टप्पे होते. चढताना ते कडेचे दगड बघत होते. जसजसं वर जावं तसतसा खडक लागत होता, आणि त्यांच्या छातीवरचं ओझं उतरत होतं. मागून दर टप्प्यावरून तिचा आवाज येई.

"तुम्ही व्हा पुढे. मी जरा बघते. काय दिसतंय इथून!"

दुसऱ्या टप्प्यावर ती सर्वांत जास्त थांबली. "हे तर फारच सुंदर आहे हो," ती खालून म्हणाली, आणि पुढे बराच वेळ काही बोलली नाही. मिस्त्री वर पोचून, बॅगा ठेवून, खोलीची जमीन टाच आपटून तपासत होते. ती आली तेव्हा ओठांना निळसर झाक होती. वर वारा गार होता.

त्यानंतर ती खाली उतरली नाही. खिडकीशी उशा लावून बसायची. वरून सगळा बाजार ताटात वाढल्यासारखा दिसतो, असं म्हणायची. मिस्त्री रोज खाली जात, पाव आणि फळं आणत, पट्टी बघत. पट्टीची चीर तेवढीच होती. ते चक्रावले. हलायला लागलेली भिंत अशी थांबत नाही.

रविवारी त्यांनी विचारलं, "येतेस? मोठा बाजार आहे."

"तुम्ही जा. टोपी घालून जा, म्हणजे मला ओळखू याल."

ते पांढरी टोपी घालून गेले. बाजार भरत होता. तंबू उभे राहत होते, टोपल्या उतरत होत्या, आणि सगळी माणसं त्या पोटाखाली निवांत हिंडत होती. मिस्त्रींनी वर बघून टोपी हलवली. तिनंही हात केला असावा. ऊन डोळ्यांवर होतं.

निळा रुमाल त्यांनी घेतला. धक्क्याच्या कडेला बसून ते तो खिशात घालत होते, तेव्हा शेजारच्या दगडावर त्यांची नजर गेली. मंगळवारी निपटून टाकलेलं प्लास्टर तिथं वाळून चिकटलं होतं. दगड अखंड होता, हाताभर जाड, कुठंही भेग नसलेला. आणि त्यावरचं प्लास्टर तडकलं होतं. तशीच बारीक चीर, आरपार.

मिस्त्रींनी त्यावर अंगठा फिरवला. समुद्राचा वारा. पातळ कालवलेलं प्लास्टर, उघड्यावर झपाट्यानं वाळलेलं. ते आयुष्यभर समुद्रापासून लांब काम करत आले होते. पट्टी भिंतीनं नाही, वाऱ्यानं तडकवली होती.

ते एकटेच हसले. आता ती आठवडाभर चिडवणार होती. खाली परत यायचं, तीच खोली, दारात बाजार. ते पायऱ्या चढू लागले. पहिल्या टप्प्यावर होड्या दिसल्या. दुसऱ्या टप्प्यावर, तिला सर्वांत जास्त आवडलं होतं तिथं, ते मुद्दाम थांबले आणि वळले.

समोर एका घराची बिनखिडक्यांची आंधळी भिंत होती. एक गंजलेला नळ होता, आणि त्याखाली ओलीचा डाग. समुद्र नव्हता. त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. बसायला एक दगड होता, तेवढाच.

उरलेल्या पायऱ्या त्यांनी मोजल्या नाहीत.

दार उघडंच होतं. ती उशांना टेकून खिडकीकडे तोंड करून बसली होती. मांडीवर ते पोस्टकार्ड होतं, कडेला वाळूचा डाग असलेलं. त्यावर तिनं लिहिलं होतं: मजेत आहोत. बाबा भिंतीला हात लावत नाहीत.

"अगं," मिस्त्री दारातून म्हणाले, "भिंत पक्की आहे."

मग जवळ जाऊन, तिच्या खांद्यावर हात ठेवून, त्यांनी ते पुन्हा एकदा म्हटलं.

पित्ताच्या गोळ्यांचं पाकीट लेकीनं नंतर वाचलं. त्या हृदयाच्या होत्या. ती भिंत अजून उभी आहे. घरमालकीण दर वर्षी पत्रात तसं कळवते. मिस्त्रींची बायको त्या रविवारी सकाळी, बाजार भरायच्या वेळेला वारली. जुळ्यांना त्या दिवशी चार महिने पूर्ण झाले.