वीस ठोके

खाणीत पुढे जायचं तर आधी छताला विचारावं लागतं. पहार घ्यायची, वर ठोकायची आणि ऐकायचं. आवाज खणखणीत आला तर दगड पक्का. बद्द आला तर आत पोकळी, मग मुकाट्याने मागे फिरायचं. हे शिकवण्यात मास्तरांचा हात धरणारं कुणी नव्हतं. एकतीस वर्षं त्यांनी प्रशिक्षण केंद्रात माणसं घडवली, आणि शिव्या देताना कधी हात आखडता घेतला नाही.

आता केंद्राने कात टाकली होती. पहारीच्या जागी पडदा आणि हेडफोन आले. शिवाय शिकवणाऱ्यांनीही परीक्षा द्यावी असा फतवा निघाला. वीस ठोके ऐकायचे, अठरा ओळखायचे, नाहीतर परवाना रद्द. गुण यंत्र देणार, सही मात्र माणसाची. आणि ते माणूस म्हणजे मास्तरांचीच मुलगी. तिलाही हे काम त्यांनीच शिकवलं होतं, स्वयंपाकघरातल्या डब्यांवर पळी आपटून. आईचं डोकं उठायचं.

"चल, उरकून टाक," खुर्चीत बसत मास्तर म्हणाले. "माझ्या हातचा मळ आहे."

पडद्यावर आकडा उमटला आणि पहिला ठोका वाजला. तिच्या हेडफोनमध्येही तोच, चांगला बद्द.

"पक्का," मास्तर म्हणाले.

तिला वाटलं, चेष्टा करताहेत. दुसरा खणखणीत होता. ते म्हणाले, "पोकळ." पाचव्या ठोक्याला तिने मान वर करून पाहिलं. मास्तर दोन्ही तळहात टेबलावर दाबून बसले होते, हाताला काहीतरी जाणवेल म्हणून. टेबल कसलं बोलतंय!

तिने यंत्र थांबवलं, त्यांच्या समोर येऊन बसली. "बाबा, केव्हापासून?"

ते तिच्या ओठांकडे बघत होते. "चार वर्षं झाली असतील."

चार वर्षं! आई गेल्यापासून ते फोन उचलत नव्हते, आणि हा त्यांचा तिरसटपणा, असं ती जगाला सांगत आली होती. तिला स्वतःची लाज वाटली.

"पहार हाताला सांगते गं," ते म्हणाले. "पोकळ दगड तळहाताला कळतो. एकदाही चुकलो नाही. या डबड्यात पहारच नाही, त्याला मी काय करू?"

"मग खरी पहार घेऊन परीक्षा द्या. मी साहेबांशी भांडते."

मास्तरांचा चेहरा उजळला. तेवढ्यात तिच्याच तोंडून पुढचं निघून गेलं. "पण बाबा, आत असताना मागून कुणी 'पळा' म्हणून ओरडलं तर?"

मास्तरांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. मग त्यांनी निकालाचा कागद तिच्याकडे सरकवला. "नापास लिही."

तिने लिहिलं. तिचं काळीज तुटत होतं.

"माझा आवाज तरी येतो का हो?"

"आठवतो ना. तू सात-आठ वर्षांची होतीस तेव्हाचा. तू बोललीस की तोच लावतो तुझ्या ओठांना."

तिला ते सोसवेना. ती उठली, भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि ओक्साबोक्शी रडायला लागली. शेजारच्या खोलीतला शिपाई धावत दारापर्यंत आला.

मास्तर तिच्या पाठीमागे हेडफोनची वायर नीट गुंडाळत बसले होते.

"झाली का गं सही?" त्यांनी विचारलं.