बहिणींच्या रुईची तीट

"तुझं चुकलं" असं मैनाबाईला कोणी कधी म्हटलं नव्हतं, कारण म्हणायची कोणाची छातीच नव्हती. अकोल्याच्या बाजूला तिच्या बापाचं, नत्थुजींचं, काळंभोर रान होतं. मुलगा नसल्यामुळे ते दोघी लेकींकडे आलं. धाकटी जमुना रुई अशी निवडायची की त्यात काडी-कचरा औषधालाही सापडू नये. बोलणं, भांडणं, गाड्या हाकलून अमरावतीच्या बाजारात चढा भाव पदरात पाडून घेणं हे सगळं मैनाबाईचं. त्यामुळे नाव तिचंच व्हायचं. "मैनाबाईची रुई" असं कोणी म्हटलं की जमुना खाली मान घालून सरकी वेचत राही. आणि खरं सांगायचं तर मैनाबाईलाही ते ऐकायला गोड लागे.

तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली होती आणि इकडे कापसाला सोन्याचा भाव आला होता. भावाबरोबर लबाडीही आली. कोणी रुईत पाणी मारी, कोणी खडे घाली. म्हणून अमरावतीतल्या एका विलायती वखारीनं यंदा फर्मान काढलं: ज्याचा माल स्वच्छ, त्यानं गासडीवर इंग्रजी अक्षरांत आपली खूण टाकावी, त्याच खुणेनं माल विलायतेला जाईल.

विलायतेला आपली खूण! मैनाबाईचे पाय जमिनीवर ठरेनात. वखारीत तिच्या चुलत भावाचा मुलगा सहदेव कारकून होता, नागपुरात इंग्रजी शिकून आलेला. त्यानं एका चिठोऱ्यावर दोन ओळींत लिहून दिलं: वर 'सिस्टर्स', खाली 'कॉटन'. "म्हणजे बहिणींची रुई, आत्याबाई," तो म्हणाला. मैनाबाईनं चिठोरा पदराला बांधला आणि अकोल्याला परतून तो अब्दुल गफ्फारपुढे ठेवला. अब्दुल गफ्फार पत्रा कापून गासड्यांवर मारायचे छापे करायचा.

त्यानं चिठोरा डोळ्यांशी नेला. "मैनाबाई, वरच्या ओळीच्या आखरीले हा टिपका काय हाय? शाईचा डाग तं नोहे?"

मैनाबाईनं निरखून पाहिलं. शेवटच्या अक्षराच्या डोक्याशी एक काळा ठिपका, खाली जराशी शेपटी. ती हसली. "अरे, तीट हाय थे! लेकराच्या गालाले लावतो तशी. पोराले आत्याच्या रुईची काळजी, कोनाची नजर नोको लागाले म्हून लावली."

"पन पत्र्याच्या पार काठाले येऊन राहिली न. फाटन थ्या जागी."

"मंग आत घे. शेवटच्या अक्षराच्या अल्याड. तीट कशी दिसली पायजे!"

गफ्फारनं तीट आत घेतली. छापा झाला, काजळी तेलात कालवली, सगळ्या गासड्यांवर अक्षरं उमटली. दोघी बहिणी गाड्यांबरोबर अमरावतीला निघाल्या. वाटेत जो भेटेल त्याला मैनाबाई गासडी दाखवी आणि म्हणे, "पाय, आमी दोघी विलायतेले चाललो." जमुना यंदा पहिल्यांदाच मान वर करून बसली होती. अक्षर ओळखू येत नव्हतं, तरी मुक्कामाला उतरली की एकदा त्यावरून हात फिरवायची.

वखारीच्या आवारात गासड्या उतरल्या. सहदेव हसत आला, गासडीसमोर थांबला आणि त्याचं हसू मावळलं.

"आत्याबाई, हे चिन्ह आत कोणी घेतलं?"

"मी. काहून?"

सहदेवनं जमुनाकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "ती तीट नाही. शेवटचं अक्षर एस. चिन्ह एसच्या पुढं आलं तर बहिणींची, म्हणजे दोघींची. एसच्या आधी आलं तर बहिणीची, एकटीची. आपल्या बाळबोधीत नाही का, णीवर टिंब दिलं तर बहिणींची, काढून घेतलं तर बहिणीची? तसंच." मग घाईघाईनं म्हणाला, "वाचताना दोन्ही सारखंच ऐकू येतं. साहेबाच्या ध्यानातही यायचं नाही. राहू द्या."

जमुनानं सगळं ऐकलं होतं. ती भांडली असती तर बरं झालं असतं.

"राहू दे, बाई," ती म्हणाली. "लोकं तसंच म्हनतात. आता लिवलं बी तसंच." आणि गाडीच्या सावलीत पाठ करून बसली.

मैनाबाईनं मुद्दाम केलं नव्हतं, देवाशपथ नव्हतं. पण 'मैनाबाईची रुई' ऐकून इतकी वर्षं गप्प कोण बसलं होतं? ते काही गफ्फारनं कापलं नव्हतं.

तेवढ्यात साहेब माल बघायला इकडेच निघाल्याचा निरोप आला. वखारीच्या भिंतीला गडी चुना देत होते. मैनाबाईनं सरळ त्यांची बादली उचलली, पदर खोचला आणि पहिल्या गासडीवरची आतली खूण चुन्यानं पुसून टाकली. मग दुसरीवरची. भर आवारात, शंभर लोकांदेखत, ती ओरडली, "जमुने! माह्यं चुकलं. गाडीतली काजळी घे आन इकडे ये. तुह्या हातानं लाव!"

गाडीवाले बैल सोडून जवळ आले. मैनाबाईचं चुकलं म्हणे!

जमुना उठली. काजळीच्या भांड्यात तिनं बोट बुडवलं. सहदेवनं जागा दाखवली आणि एसच्या पुढं, वरच्या अंगाला, तिनं बोट टेकवून जरा खाली ओढलं. मोठी पुसत पुढं जात होती, धाकटी मागून लावत येत होती. साहेब येऊन उभा राहिला तरी दोघींनी मान वर केली नाही. शेवटची गासडी झाली तेव्हाच मैनाबाई वळली.

साहेबानं वाकून खूण पाहिली, मग सहदेवला काही विचारलं.

"साहेब विचारतात, या बहिणी किती?"

मैनाबाईच्या तोंडात आयुष्यभर पहिला शब्द 'मी' असायचा. तिनं चुन्यानं माखलेला हात धाकटीच्या खांद्यावर ठेवला.

"दोन," ती म्हणाली. "जमुना आन मी."

सहदेवनं ते इंग्रजीत सांगितलं. साहेबानं मान डोलावली आणि गासड्या विलायतेच्या ढिगात लावायला सांगून पुढं गेला. मैनाबाई ताठ उभी राहून त्या काळ्या ठिपक्यांकडे बघत होती. एकही दुसऱ्यासारखा नव्हता. कुठं जाड, कुठं लांबट, पण सगळे आपल्या जागी. असला अभिमान तिला कापसाच्या कुठल्या भावानं दिला नव्हता.

जमुनाच्या बोटाला काजळी उरली होती. ती पुसायला तिनं पदर धरला, मग सोडला, आणि बोट हळूच मोठ्या बहिणीच्या गालाला लावलं.

"हे मात्र तीटच हाय," ती म्हणाली. "मैनाबाईचं चुकलं म्हून साऱ्या बजारानं ऐकलं. नजर लागंन तुले."